विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर : एका नावाचा आणि एका विद्येचा इतिहास

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव चार पदांचे आहे. पहिले पद व्यक्तीचे, दुसरे वडिलांचे, तिसरे जातीचे आणि चौथे गावाचे. तमाशाच्या फलकावर ते असेच, एकही पद न गाळता, लिहिले जात आले. हे नाव धारण करणारी स्त्री १९३५ सालच्या जुलै महिन्यात पंढरपूर येथे जन्मली आणि १५ जानेवारी २००२ रोजी निवर्तली. मधल्या सहासष्ट वर्षांत तिने गायन, नर्तन आणि अभिनय या तिन्ही अंगांनी मराठी तमाशात जे स्थान मिळविले त्याला तोड सापडणे कठीण आहे. १९५७ व १९९० अशा दोन वेळा तिचा राष्ट्रपतींकडून गौरव झाला. तिच्या चरित्राची ही बाह्यरेखा महाराष्ट्रात बहुतेकांना ठाऊक आहे. जे तितकेसे ध्यानात घेतले जात नाही ते हे, की या चरित्राचा बराचसा अर्थ तिच्या नावातच साठविलेला आहे. आणि ते नाव नीट वाचले नाही तर तिची विद्या कोठून आली, ती कोणी दिली व ती पुढे कोणाकडे गेली, या प्रश्नांची उत्तरे चुकीची दिली जातात.

सर्वांत प्रचलित असे चुकीचे उत्तर म्हणजे विठाबाईंनी कोणतेही शिक्षण घेतले नव्हते, हे होय. शाळेत त्यांचे मन रमले नाही आणि कसलेही विधिवत् शिक्षण नसताना त्या बालपणापासून रंगमंचावर सहजतेने वावरू लागल्या, असे त्यांच्याविषयी लिहिणारे आदराने लिहितात. यात स्तुतीचा हेतू आहे यात शंका नाही. परंतु ही स्तुती करताना कलावंताच्या गुरूंना पुसून टाकले जाते, हे स्तुती करणाराच्या लक्षात येत नाही. विठाबाईंचे आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. त्यानंतर तो वडील व चुलते यांच्याकडे आला आणि ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ या नावाने गाजला. म्हणजे विठाबाई ही त्या फडाची तिसरी पिढी. लावणी, गवळण, भेदिक या रचना तिच्या कानांवर भाषा पडावी तशा पडत गेल्या. मूल मातृभाषा शिकते तेव्हा त्याला व्याकरणाचे पुस्तक दिले जात नाही. म्हणून त्याने भाषा शिकलीच नाही असे कोणी म्हणत नाही. संगीताच्या बाबतीत मात्र असे सर्रास म्हटले जाते, आणि तेही विशिष्ट संगीताच्या बाबतीतच.

फडातील शिक्षणाचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहिले पाहिजे. तमाशाच्या खेळाला एक ठरलेला क्रम आहे. प्रारंभी गण, त्यानंतर गवळण, मग बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. गणात गणपतीचे आवाहन असते. गवळणीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी येतात. या भागातले संवाद लिहिलेले नसतात. ते पाठही नसतात असे म्हटले तरी चालेल. त्यांचा सांगाडा ठरलेला असतो आणि मांस त्या त्या रात्री चढविले जाते. सोंगाड्याने टाकलेला शब्द झेलून तो दुप्पट वजनाने परत करणे, समोरच्या गावाचे नाव, तिथल्या पाटलाची खोड किंवा त्या वर्षीचा दुष्काळ चटकन संवादात गुंफणे, हे कौशल्य केवळ देणगीने येत नाही. त्यासाठी शेकडो रात्री शेजारी उभे राहून ऐकावे लागते. झीलकऱ्याने मुख्य गायकाच्या मागे झील धरताना स्वर कोठे उचलावा व कोठे सोडावा, ढोलकीच्या कोणत्या तोड्यावर पाऊल थांबवावे, हलगीने कडकडून सलामी दिल्यावर किती वेळ शांत उभे राहावे, हे सारे शिकविले जाते. फक्त शिकविणारा ‘मी शिकवितो’ असे म्हणत नाही. चूक झाली तर त्याच रात्री, खेळ संपल्यावर, तिची झाडाझडती होते. ही पाठशाळा रोज भरते, तिला सुट्टी नाही, आणि तिची परीक्षा रोज रात्री पैसे देऊन आलेले हजारो लोक घेतात.

आता नावाच्या दुसऱ्या पदाकडे वळावे. ‘भाऊ’ हे पद माहेरचे आहे. मराठी व्यवहारात विवाहानंतर स्त्रीच्या नावामागे पतीचे नाव लावण्याची रीत रूढ आहे. विठाबाईंच्या फलकावर मात्र वडिलांचेच नाव अखेरपर्यंत राहिले. येथे कौटुंबिक जीवनातील घडामोडींचा शोध घेण्याचे कारण नाही. फडाच्या दृष्टीने पाहता ‘भाऊ’ हे पद केवळ पित्याचे नसून ते गुरूचे व पूर्वीच्या फडमालकाचे आहे. तमाशाच्या इतिहासात जोडनावांची परंपरा जुनी आहे. पेशवाईच्या उत्तरकाळातील होनाजी बाळा हे एका व्यक्तीचे नाव नव्हे. होनाजी शिलारखाने रचना करी व बाळा कारंजकर गाई; दोघांचे मिळून ते नाव झाले. ‘मोहना-बटाव’ हा १८६५ चा वग, जो तमाशातील पहिला वग मानला जातो, उमा-बाबू सावळजकर यांच्या नावावर आहे. कवलापूरचे काळू-बाळू हे याच मालिकेतले. भाऊ-बापू हे जोडनावही तसेच. या नावांत रचणारा आणि गाणारा, सरदार आणि सोंगाड्या, थोरला आणि धाकटा असे सहकाराचे नाते मुद्दाम जतन केलेले आढळते. एकट्याची प्रतिभा ही कल्पना तमाशाला मान्य नाही. विठाबाई स्वतःच्या बळावर लोकांच्या ओठी गेल्या, तरी फलकावर त्यांनी एकट्या उभे राहणे पसंत केले नाही.

तिसरे पद सर्वांत बोलके आहे आणि त्याविषयीच सर्वांत कमी बोलले जाते. ‘मांग’ हा शब्द गावगाड्याच्या व्यवस्थेत अस्पृश्यतेचा शिक्का घेऊन वावरला. आज हा समाज स्वतःला मातंग म्हणवून घेणे पसंत करतो आणि ते सर्वस्वी योग्य आहे. असे असताना फडाच्या फलकावर तो शब्द मोठ्या अक्षरांत का लिहिला गेला? व्यवहारात अपमानासाठी उच्चारला जाणारा शब्द धंद्याच्या ठिकाणी स्वतःहून धारण करण्यामागे काहीतरी कारण असले पाहिजे.

हे कारण वाद्यांच्या इतिहासात सापडते. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात बलुतेदारांच्या कामांचे जे वर्णन आले आहे त्यावरून, आणि ग्रामीण महाराष्ट्राच्या सर्वसामान्य अनुभवावरूनही, हे स्पष्ट होते की दोर वळणे, केरसुण्या करणे या कामांबरोबर वाजविणे हे मांगांचे परंपरागत काम होते. लग्नाची वरात, देवाची पालखी, बैलपोळ्याची मिरवणूक यांपुढे हलगी, डफ व सनई वाजविणारे हात बहुतांशी या समाजाचे. देवळाच्या आत ज्यांना प्रवेश नव्हता त्यांच्या वाद्याखेरीज देवाची पालखी हालत नव्हती. समाजरचनेतील ही विसंगती शेकडो वर्षे कोणाला खटकली नाही, हे नमूद करणे आवश्यक आहे. पुढे इंग्रजी लष्कराच्या बँडचे अनुकरण करून विसाव्या शतकात गावोगाव बँड-पथके निघाली, तेव्हा सनई फुंकणाऱ्या ओठांनी क्लॅरिओनेट धरले. पत्तीच्या वाद्यावर श्वास कसा राखावा हे त्यांना वेगळे शिकविण्याची गरज पडली नाही. क्लॅरिओनेट हे मूळचे अठराव्या शतकातील जर्मन कारागिरीचे अपत्य. दक्षिणेत ते सदिर नृत्याच्या साथीतून कर्नाटक संगीतात शिरले आणि ए. के. सी. नटराजन यांच्यासारख्या वादकाला त्यावर २००८ साली मद्रासच्या संगीत अकादमीची ‘संगीत कलानिधी’ ही सर्वोच्च पदवी व २०२२ साली पद्मश्री मिळाली. देशावर तेच वाद्य वरातीत राहिले. वाद्य एकच, त्याची प्रतिष्ठा मात्र ते कोणाच्या हाती व कोणत्या अंगणात वाजते यावर ठरली. पाश्चात्त्य वाद्य शास्त्रीय होऊ शकते की नाही, हा वाद घालणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावयास हवा.

तेव्हा फलकावरील ‘मांग’ या शब्दाचा एक अर्थ असा की हा फड ज्यांचा आहे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे वाजविणारे-गाणारे आहेत, हौसेने या धंद्यात आलेले नव्हेत. प्रेक्षकाला तो शब्द कलेचे प्रमाणपत्र म्हणून दिसे. दुसरा अर्थ अर्थातच तोच, जो गावाने त्या शब्दाला दिला होता. हे दोन अर्थ एकाच शब्दात एकाच वेळी नांदत होते आणि त्यांतला एक काढून दुसरा ठेवणे फडाच्या हाती नव्हते. आपल्या जातीचे नाव स्वतःच्या लेखणीने उच्चारण्याची ही धिटाई अगदी नवी नव्हती. जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या मुलीने १८५५ साली ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला तेव्हा त्या शब्दाला तिने लज्जेचा नव्हे तर तक्रारीचा विषय केले. फलकावरचा ‘मांग’ हा तक्रारीचा शब्द नाही. तरीही तो लपविलेला नाही, एवढे साम्य महत्त्वाचे आहे.

याच्या अगदी उलट उदाहरण पठ्ठे बापूराव यांचे. रेठरे हरणाक्ष येथे १८६६ साली जन्मलेला श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी हा ब्राह्मण तरुण तमाशात आला तेव्हा त्याला आपले आडनाव मागे ठेवावे लागले. तमाशाने त्याला दिलेले नाव हेच त्याचे नाव झाले. कुलकर्णी या नावाने तमाशाची शोभा वाढली नसती आणि तमाशामुळे कुलकर्णी या नावाला कमीपणा आला असता, अशी दोन्हीकडची समजूत होती. एकाला नाव टाकून यावे लागले, दुसऱ्याला नाव घेऊनच यावे लागले. बापूरावांबरोबर गाणाऱ्या पवळाचे नाव मात्र ‘पवळा हिवरगावकर’ असेच राहिले, ही गोष्ट येथे विसरता कामा नये.

पवळेच्या उल्लेखाने नावाच्या चौथ्या पदापाशी, म्हणजे गावापाशी येता येते. हिवरगाव हे संगमनेरच्या अलीकडे, पुणे-नाशिक रस्त्यावर आहे. त्याच रस्त्याने दक्षिणेकडे आले की जुन्नर तालुक्यातील मीना नदीकाठचे नारायणगाव लागते आणि आणखी खाली आंबेगाव तालुक्यातील मंचर. मंचरजवळच अवसरी, वसंत अवसरीकर हे तमाशातील नामवंत नाव त्या गावाचे. पेशवाईतील शाहीर अनंत फंदीही संगमनेरचाच. या एका रस्त्याच्या दुतर्फा तमाशाची इतकी नावे का उगवली याचे उत्तर भूगोलात व बाजारात आहे. पश्चिमेला नाणेघाट उतरला की कोकण, पूर्वेला देशाचा मोकळा पट्टा, मध्ये जुन्नरची प्राचीन पेठ. माल वाहणाऱ्यांचा हा रस्ता दोन हजार वर्षांपूर्वीही वाहता होता. सातवाहनांचा नाणेघाटातील प्राकृत शिलालेख त्याची साक्ष देतो. जेथे बाजार तेथे यात्रा, जेथे यात्रा तेथे खेळ. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कुकडी प्रकल्पाचे पाणी या भागात खेळू लागले, शेतकऱ्याच्या हाती रोख पैसा आला आणि यात्रेची लोकवर्गणी वाढली, हेही फडांच्या भरभराटीचे एक कारण होय.

‘कर’ हा प्रत्यय मराठीत गाव दाखवितो हे सर्वश्रुत आहे. परंतु त्याच्या वापरातील एक बारकावा सहसा नजरेतून सुटतो. नारायणगावात राहणाऱ्याला नारायणगावात कोणी ‘नारायणगावकर’ म्हणत नाही. ते नाव वेशीबाहेर पडल्यावर, परक्या गावात, परक्यांच्या तोंडून मिळते. म्हणजे हे नाव निवासाचे दिसले तरी वस्तुतः प्रवासाचे आहे. फड दसऱ्याला घराबाहेर पडतो तो वैशाखात परततो. विठाबाईंचा जन्मही नारायणगावात नव्हे तर पंढरपुरात झाला आणि विठोबाच्या गावी जन्मली म्हणून विठा हे नाव पडले. जी स्त्री आयुष्याचा बहुतांश काळ राहुटीत व ट्रकमध्ये राहिली तिच्या नावाने त्या गावाचे नाव विदर्भापर्यंत पोहोचावे, यात विसंगती काही नाही. प्रत्ययाचा अर्थच तो आहे.

हिंदुस्थानी संगीतात घराण्यांची नावे अशीच गावांवरून पडली आहेत. किराणा, आग्रा, ग्वाल्हेर, अत्रौली ही मुळात गावांची किंवा शहरांची नावे. किराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थायिक झाले व १९३७ साली निवर्तले. अत्रौलीचे अल्लादिया खाँ कोल्हापुरात शाहू महाराजांच्या आश्रयाने राहिले. दोघांनीही आपले गाव मागे सोडले आणि दोघांच्याही गायकीच्या मागे ते गाव चिकटून राहिले. गावाचे नाव तेथे शैलीचे नाव झाले. अमुक गायक किराण्याचा, असे म्हटले की ऐकणाराला स्वर लावण्याची पद्धत, आलापीचा विस्तार, बंदिशींचा साठा या सर्वांची कल्पना येते. आता ‘नारायणगावकर’ या नावाने तमाशाच्या जाणत्या प्रेक्षकाला नेमके हेच कळत असे: गवळणीचा थाट कसा असेल, ढोलकी कोणत्या अंगाने बोलेल, वग ऐतिहासिक की सामाजिक. तीन पिढ्यांचे सातत्य, गुरु-शिष्य परंपरा, स्वतंत्र शैली आणि स्थलवाचक नाव ही घराण्याची लक्षणे मानली तर नारायणगावकरांचे घराणे होते असे म्हणावयास प्रत्यवाय नसावा. तरीही घराणे हा शब्द त्यांच्यासाठी कोणी वापरला नाही. त्यांच्यासाठी ‘फड’ हा शब्द होता, जो पैलवानांना आणि उसालाही लावतात. शब्दांची ही वाटणी निर्हेतुक नाही.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर तमाशापुढे नामांतराचा आणखी एक प्रश्न उभा राहिला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने चाळिसाच्या दशकात तमाशाचा आराखडा राजकीय प्रबोधनासाठी वापरला आणि ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढे आला. त्याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर अश्लीलतेच्या कारणास्तव निर्बंध घातले. त्यानंतर दत्तो वामन पोतदार यांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती नेमली गेली आणि संहिता तपासून घेण्याची अट आली. ज्या कलेचा निम्मा भाग त्या त्या रात्री उत्स्फूर्तपणे रचला जातो तिची संहिता आगाऊ तपासणे म्हणजे काय, हा प्रश्न तपासणाऱ्यांना पडला असल्यास त्याची खूण कोठे दिसत नाही. ‘तमाशा’ हा अरबी-फारसीतून आलेला शब्द मुळात निर्दोष आहे. पाहण्यासारखे दृश्य, मौज, एवढाच त्याचा अर्थ. मराठीत तो एका कलेचे नाव झाला आणि पुढे त्याच कलेच्या कलावंतांमुळे नव्हे तर त्यांच्याविषयीच्या तिरस्कारामुळे त्याला ‘फजिती, गोंधळ’ असा दुय्यम अर्थ चिकटला. फडांनी यावर जो मार्ग काढला तो फलकांवर दिसतो: ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’. सुसंस्कृत शब्द पुढे, जुना शब्द त्याच्या मागे, आणि दोन्हींपैकी एकही सोडलेला नाही. प्रतिष्ठा मिळविण्यासाठी एक, प्रेक्षक मिळविण्यासाठी दुसरा.

विठाबाईंच्या तारुण्याचा काळ नेमका या स्थित्यंतराचा आहे. एकीकडे पुण्याचे आर्यभूषण व मुंबईचे हनुमान थिएटर गजबजलेले, दुसरीकडे यात्रांचे उघडे मैदान. एकीकडे ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) सारखे चित्रपट तमाशाला पडद्यावर नेत होते, दुसरीकडे शहरातील रंगमंचावर ‘विच्छा माझी पुरी करा’ (१९६५) सारखी लोकनाट्ये सुशिक्षित प्रेक्षकाला तमाशाचा थाट तमाशावाल्यांशिवाय दाखवू लागली होती. तमाशाची लोकप्रियता वाढली. पण तिचा नफा फडाकडे आला नाही. विठाबाईंनी आपल्या खेळांत चित्रपटगीतेही घेतली. शुद्धतावाद्यांना ती तडजोड वाटते. परंतु रंगबाजीचा भाग हा मुळातच लोकांच्या मागणीचा भाग असतो, आणि ज्या फडाला तिकिटावर शंभराहून अधिक माणसे पोसावयाची असतात त्याला मागणीचा अपमान करणे परवडत नाही.

फडाचे अर्थकारण थोडक्यात असे. हंगामाच्या आरंभी मालक कर्ज काढतो, त्यातून कलावंतांना व कामगारांना उचल देतो, ट्रक, तंबू, कनाती, वीजयंत्र यांची जुळणी करतो. खेळ दोन प्रकारचे: तंबूत तिकीट लावून केलेला आणि गावाने सुपारी देऊन ठरविलेला. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे. पाऊस, आजार, घरातले मरण यांची सबब चालत नाही. पावसाळ्यात उत्पन्न शून्य, व्याज मात्र चालू.

विठाबाईंच्या आयुष्यातील जो प्रसंग सर्वांत अधिक सांगितला जातो तो या चौकटीत ठेवून पाहिला पाहिजे. नऊ महिने भरलेले असताना त्या रंगमंचावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्यावर त्या मागे राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचावयास पुढे आल्या. प्रेक्षकांना प्रकार कळला तेव्हा त्यांनीच हात जोडून खेळ थांबविला, असा तो प्रसंग आहे. त्याचे वर्णन कलानिष्ठेचा चमत्कार म्हणून केले जाते. कलानिष्ठा त्यात आहेच. पण त्या रात्री खेळ मोडला असता तर किती माणसांची उचल अडकली असती, सुपारी कोणी परत केली असती, तंबूबाहेर थांबलेल्या जमावाने काय केले असते, हे प्रश्न वगळले म्हणजे एका स्त्रीच्या श्रमाचा इतिहास दंतकथेत रूपांतरित होतो. दंतकथेला भरपाई द्यावी लागत नाही. प्रसंग ऐकून डोळे भरून येणाऱ्या समाजाने त्याच स्त्रीला उतारवयात आर्थिक विपन्नतेत राहू दिले आणि तिच्या मृत्यूनंतर रुग्णालयाचे देणे देणगीदारांच्या वर्गणीतून फेडले गेले, या दोन गोष्टींत अंतर दिसते तेवढे नाही.

शिक्षिका म्हणून विठाबाईंचे कार्य कोणत्याही संस्थेच्या दप्तरात नोंदलेले नाही. ते त्यांच्या मुलींच्या फलकांवर नोंदलेले आहे. मंगला बनसोडे, संध्या माने, मालती इनामदार, भारती सोनवणे या कन्या तमाशात आल्या. त्यांतील मंगलाबाईंचे नाव स्वतंत्र फडमालकीण म्हणून महाराष्ट्रभर झाले, आणि त्यांच्या फलकावर ‘करवडीकर’ असे लिहिलेले असते. करवडी हे कराडकडील गाव. नारायणगावातील विद्या अशा रीतीने कृष्णाकाठच्या गावाच्या नावाने पुढे गेली. भाषाभ्यासकाला येथे घराण्याच्या शाखाविस्ताराचे नेहमीचे चित्र दिसेल: मूळ गाव एक, शाखेचे नाव दुसरे, परंपरा तीच. कांताबाई सातारकर (१९३९–२०२१) यांच्या बाबतीतही असेच घडले. त्यांच्या चिरंजीवांनी, रघुवीर खेडकर यांनी, वडील तुकाराम खेडकर यांच्या गावाचे नाव चालविले. एका घरात दोन गावे, आणि दोन्हींच्या मागे स्वतंत्र प्रेक्षक.

विठाबाईंच्या पश्चात महाराष्ट्र शासनाने २००६ पासून तमाशाच्या जतनासाठी झटलेल्या ज्येष्ठ कलावंतांना त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार देण्यास प्रारंभ केला. कांताबाई सातारकर, वसंत अवसरीकर, मंगला बनसोडे यांचा त्या मानकऱ्यांत समावेश आहे. पुरस्काराच्या नावात विठाबाईंना ‘तमाशासम्राज्ञी’ हे बिरुद लाविले आहे आणि पुढे केवळ ‘विठाबाई नारायणगावकर’ असे म्हटले आहे. चार पदांपैकी मधली दोन, पित्याचे व जातीचे, गळली. जातिवाचक शब्द शासकीय पुरस्कारात नसावा हे तत्त्व समजण्यासारखे आहे; त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु त्याबरोबर ‘भाऊ’ही गेले, आणि भाऊ गेले की बापूही जातात. उरते ती एकटी सम्राज्ञी, जिला कोणी शिकविले नाही. शिक्षणावाचून अवतरलेल्या प्रतिभेची जी कल्पना प्रारंभी उल्लेखिली तिला या संक्षेपामुळे सरकारी मुद्रा मिळाली, असे म्हटल्यास ते अतिशयोक्तीचे होणार नाही. फडाने मात्र जुने नाव टाकले नाही. विठाबाईंच्या नावाने चालणाऱ्या फडाच्या फलकावर ‘भाऊ मांग’ ही पदे पुढेही लिहिली जात राहिली.

ते फलक एकत्र पाहावयाचे तर गुढीपाडव्याला नारायणगावी जावे लागते. पाडव्याच्या सुमारास निरनिराळ्या फडांच्या राहुट्या तेथे ओळीने लागतात. प्रत्येकीपुढे फलक, आत फडाचा व्यवस्थापक वही उघडून बसलेला. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, पारनेर, संगमनेर आणि त्याही पलीकडल्या गावांचे पंच येतात, चैत्र-वैशाखातील आपल्या यात्रेची तिथी सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. एकाच तिथीला अनेक भैरवनाथांच्या यात्रा येतात, त्या तारखांचा भाव चढा असतो. नाव मोठे असेल तर घासाघीस कमी होते. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणण्याचा प्रघात यावरूनच पडला. २०२० साली पाडवा २५ मार्च रोजी होता, आणि देशव्यापी टाळेबंदीचा तो पहिला दिवस. राहुट्यांचा बाजार त्या वर्षी भरला नाही, यात्रा झाल्या नाहीत, पुढच्या वर्षीही निर्बंध राहिले. घेतलेली उचल कलावंतांच्या अंगावर आणि काढलेले कर्ज मालकांच्या अंगावर तसेच राहिले. त्यानंतर निर्बंध उठले, राहुट्या पुन्हा लागल्या आणि गावांचे पंच फलकांवरची नावे वाचीत पुन्हा त्या रांगेतून फिरू लागले.